संगणकविद्येचे पहिले विद्यार्थी

विद्येचा इतिहास लिहावयास बसणारे लेखक बहुधा गुरूंचा इतिहास लिहितात. कोणीं कोणता सिद्धान्त मांडला, कोणत्या ग्रंथानें कोणत्या मताचें खंडन केलें, कोणत्या पाठशाळेस कोणाकडून वर्षासन मिळालें, हें सर्व त्यांत सांपडतें. परंतु त्याच पाठशाळेंत पहांटे उठून पाठांतर करणारा, वार लावून जेवणारा आणि दिव्यांतील तेल किती रात्रींस पुरेल याचा हिशेब करणारा विद्यार्थी त्या इतिहासांत क्वचितच दृष्टीस पडतो. पेशवाईंत पुण्यास श्रावणमासीं वांटल्या जाणाऱ्या दक्षिणेचे आंकडे दप्तरांत मिळतात. ती दक्षिणा घेऊन घरीं परतलेल्या शास्त्रीबुवांच्या ओसरीवर शिकणारा मुलगा दिवसभर काय करीत होता, हें त्या आंकड्यांवरून समजत नाहीं. जुन्या विद्यांच्या बाबतींत ही उणीव आतां भरून निघणें कठीण आहे.

एक विद्या मात्र अशी आहे कीं, तिचें वय एका दीर्घायुषी मनुष्याच्या आयुष्याएवढेंच आहे. संगणकशास्त्राचें वर्षभर चालणारें रीतसर शिक्षण विद्यापीठांत प्रथम सुरू झालें तें १९५३ सालीं, इंग्लंडांत केंब्रिज येथें. म्हणजे या शास्त्राच्या पहिल्या विद्यार्थ्यांचा दिनक्रम, त्यांचीं साधनें, त्यांच्या अडचणी, फार काय त्यांच्या चुकासुद्धां अद्यापि विस्मृतींत गेलेल्या नाहींत. आज आपल्याकडे असें सुशिक्षित कुटुंब विरळाच असेल कीं, ज्यांतील एखादें मूल, पुतण्या अथवा भाची ही विद्या शिकत नाहीं. त्या मुलांस आपल्या या पूर्वजांची ओळख असावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. केंब्रिज, अमेरिकेंतील डार्टमथ आणि आपल्याकडील कानपूर या तीन स्थळांच्या आधारें आम्ही एकच प्रश्न तपासून पाहणार आहों: यंत्राची किल्ली कोणाच्या हातीं होती, आणि त्यामुळें विद्यार्थ्याच्या अभ्यासास कोणतें वळण लागलें?

केंब्रिज विद्यापीठाची गणितप्रयोगशाळा १९३७ सालीं स्थापन झाली. ज्या इमारतींत तिनें संसार मांडला, तेथें पूर्वीं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे शरीरविच्छेदनाचे वर्ग भरत असत. दुसरें महायुद्ध संपल्यावर प्रयोगशाळेचे संचालक मॉरिस विल्क्स यांनीं तेथें ‘एडसॅक’ नांवाचें यंत्र बांधावयास घेतलें. सुमारें ३००० निर्वात नळ्या, आणि आंकडे व आज्ञा सांठविण्यासाठीं पाऱ्यानें भरलेल्या पोलादी नळ्या, असा त्याचा सरंजाम होता. पाऱ्यांतून ध्वनीच्या लहरी एका टोंकाकडून निघून दुसऱ्या टोंकास पोंचेपर्यंत जो अल्प काळ जातो, तेवढा काळ अंक त्या लहरींच्या रूपानें टिकावयाचे. आणि दुसऱ्या टोंकास पोंचलेली लहर तत्काळ पहिल्या टोंकास आणून पुन्हां सोडून द्यावयाची, ही त्या स्मृतीची युक्ति होती. श्लोक विसरूं नये म्हणून मुलगा तोच श्लोक अखंड घोकीत बसतो, त्यांतलाच हा प्रकार. ६ मे १९४९ रोजीं या यंत्रानें ० पासून ९९ पर्यंतच्या अंकांचे वर्ग छापून दाखविले. त्या कामास २ मिनिटें ३५ सेकंद लागले. आजच्या मुलांस हा आंकडा ऐकून हंसूं येईल. परंतु सेकंदास सहाशेंहून अधिक आज्ञा पाळणारा नोकर केंब्रिजच्या गणित्यांस त्यापूर्वीं कधींच मिळाला नव्हता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या दिवसाचें महत्त्व कळतें.

यंत्र चालूं लागलें तसा त्याला आज्ञा कशा द्याव्या हें शिकविण्याचा प्रश्न उभा राहिला. १९५० च्या सप्टेंबरापासून केंब्रिज येथें उन्हाळी वर्ग भरूं लागले. १९५१ सालीं विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल या तिघांनीं मिळून प्रोग्रॅम लिहिण्याच्या विद्येवरील पहिलें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलें. आणि १९५३ च्या ऑक्टोबरांत पदवीधरांसाठीं एक वर्षाचा पदविका-अभ्यासक्रम निघाला. त्याचें नांव ‘संख्यात्मक विश्लेषण आणि स्वयंचलित गणन’ असें होतें. ‘संगणकशास्त्र’ हा शब्द त्या नांवांत नव्हता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ही विद्या त्या काळीं गणिताच्या घरांतील धाकटी जाऊ होती; तिचा स्वतंत्र संसार अद्यापि थाटला गेला नव्हता.

या विद्यार्थ्याचा दिवस कसा जाई? प्रथम व्याख्यानें असत. जीं समीकरणें सरळ सुटत नाहींत त्यांचीं उत्तरें टप्प्याटप्प्यानें जवळ आणण्याच्या रीती त्यांत सांगितल्या जात, आणि टेबलावरील लहान गणकयंत्रावर त्यांचा सराव करावा लागे. मग तो कागद पुढें ओढून एडसॅकसाठीं आज्ञा लिहावयास बसे. प्रत्येक आज्ञेच्या आरंभीं एक अक्षर असे: ‘ए’ म्हणजे मिळवा, ‘एस’ म्हणजे वजा करा; त्यापुढें स्मृतींतील ज्या घरांतून आंकडा घ्यावयाचा त्या घराचा क्रमांक. आज्ञांची यादी पुरी झाली म्हणजे ती टंकलेखनासारख्या एका यंत्रावर बसून कागदी फितीवर छिद्रांच्या रूपानें उतरवावयाची. एका आडव्या ओळींत पांच छिद्रांची जागा असे. एक छिद्र चुकलें तर आज्ञेचा अर्थ बदले.

नेहमीं लागणाऱ्या गणितांच्या तयार फिती एका पोलादी कपाटांत ठेवलेल्या असत. वर्गमूळ काढावयाचें असो वा उत्तर नीट छापावयाचें असो, त्यासाठीं पूर्वसूरींनीं लिहून, तपासून ठेवलेला तुकडा असे. विद्यार्थी ती फीत काढी, यंत्रानें तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घेई आणि मूळ फीत जागच्या जागीं ठेवी. १९५१ पर्यंत असे ऐंशींहून अधिक तुकडे जमले होते. ग्रंथालयांतील पोथीची प्रत करून घेणारा आपल्याकडील जुना विद्यार्थी आणि हा विद्यार्थी यांच्यांत फारसें अंतर नाहीं. तयार झालेली फीत मग यंत्राच्या खोलींत दोरीवर चिमट्यानें टांगावयाची. धोब्याच्या दोरीवर कपडे वाळत पडावे तशा त्या फिती ओळीनें लोंबत, आणि यंत्र चालविणारा मनुष्य एकामागून एक त्या काढून यंत्रास भरवी. उत्तर टेलिप्रिंटरवर छापून येई. अथवा येत नसे.

रात्रीं मात्र नियम निराळा होता. अनुभवी विद्यार्थ्यांस व संशोधकांस परवाना मिळे, आणि तो ज्याच्यापाशीं असे त्याला कामगार घरीं गेल्यावर यंत्र स्वतः चालवितां येई. फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखालीं ताऱ्यांच्या अंतरंगाचें गणित करणाऱ्या जॉइस ब्लॅकलर या विद्यार्थिनीच्या वांट्यास शुक्रवारची रात्र आली होती. यंत्र नीट चाले तोंवर काम करावयाचें, आणि एखादी नळी जळून तें बंद पडलें कीं दिवे मालवून घरीं जावयाचें, हा रात्रपाळीचा शिरस्ता. ज्या विद्यार्थ्याच्या हातीं अशी रात्र सोंपविली जाते, तो केवळ गणित शिकत नसतो. त्याच्यावर एक सबंध प्रयोगशाळा विश्वास टाकीत असते.

या पहिल्या पिढीनें एक गोष्ट अशी शोधून काढली कीं, तिची कोणीं अपेक्षाच केली नव्हती; ती म्हणजे स्वतःची चूक. विल्क्स यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे कीं, १९४९ च्या सुमारास यंत्राची खोली आणि फिती तयार करण्याची खोली यांच्यामध्यें जिन्यानें ये-जा करीत असतां त्यांस एकाएकीं जाणीव झाली कीं, आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधील चुका हुडकण्यांत जाणार आहे. ते त्या वेळीं एअरी यांच्या समीकरणावर काम करीत होते. त्या कामाची एक जुनी फीत सुदैवानें पुढें सांपडली. अभ्यासकांनीं ती वाचून पाहिली, तेव्हां सव्वाशेंच्या आसपास आज्ञांत वीसएक चुका निघाल्या. ज्या मनुष्यानें यंत्र बांधलें, त्याच्याच हातच्या लेखनांत दर सहा आज्ञांस एक चूक! विद्यार्थ्यांस धीर देणारें याहून चांगलें ऐतिहासिक साधन आम्हांस माहीत नाहीं.

केंब्रिजच्या १९५१ च्या उन्हाळी वर्गास हॉलंडमधील लायडन विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकणारा एक एकवीस वर्षांचा तरुण आला होता. वर्ग तीन आठवड्यांचा होता. या तरुणाचें नांव एड्स्गर डाय्क्स्ट्रा. मायदेशीं परतल्यावर १९५२ च्या मार्चमध्यें ॲम्स्टरडॅम येथील गणितकेंद्रांत प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली. आणि मग तीन वर्षें तो एका पेंचांत सांपडला. पदार्थविज्ञान हें शास्त्र होतें, त्याला परंपरा होती, सिद्धान्त होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापाशीं काय होतें? एखाद्यानें विचारलें, ‘तुझी विद्या कोणती?’, तर उत्तर द्यावयास शब्द नव्हता. १९५५ सालीं त्यानें आपले वरिष्ठ आड्रियान व्हान वाइनगार्डन यांच्यापुढें ही शंका मांडली. त्यांनीं ती मान्य केली, आणि सांगितलें कीं, हें शास्त्र अद्यापि झालेलें नाहीं हें खरें. पण यंत्रें तर आतां कायमचीं आलीं आहेत, आणि त्यांचें शास्त्र घडविणाऱ्यांपैकीं एक तूं कां नसावास? त्या संभाषणानें तरुणाचा निश्चय झाला. तरीहि १९५७ सालीं लग्नाच्या नोंदणीच्या वेळीं त्यानें व्यवसाय म्हणून प्रोग्रॅमर असें लिहिलें, तेव्हां ॲम्स्टरडॅमच्या नगरपालिकेनें असा कोणताहि व्यवसाय नाहीं म्हणून तें नाकारलें. कागदावर ‘सैद्धान्तिक पदार्थवैज्ञानिक’ असेंच लागलें. ही हकीगत डाय्क्स्ट्रा यांनींच १९७२ सालीं, त्या शास्त्रांतील सर्वोच्च समजलें जाणारें ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारतांना, सांगितली.

या हकीगतींतील विनोद सोडून दिला तर तिच्या तळाशीं एक गंभीर प्रश्न उरतो. विद्यार्थ्यास साधन मिळालें म्हणजे शास्त्र मिळालें असें नाहीं. शास्त्र मिळण्यास साधनामागील नियम कोणीतरी शोधावे लागतात, आणि ते शोधण्याची उमेद बहुधा अशा मनुष्यांत असते कीं, ज्याला साधन वापरतांना लाज वाटली आहे. पुढील पंधरा वर्षांत तें शास्त्र घडलें. १९६२ सालीं अमेरिकेंत पर्ड्यू विद्यापीठानें या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. १९६८ सालीं अमेरिकेंतील संगणकज्ञांच्या संस्थेनें पदवीच्या अभ्यासक्रमाचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षीं डोनल्ड क्नुथ यांच्या बहुखंडी ग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला. विद्यार्थ्यास आतां आपल्या विद्येचें नांव सांगतां येऊं लागलें.

परंतु किल्लीचा प्रश्न तसाच होता. यंत्रें महाग होतीं, त्यांचा एक एक मिनिट मोलाचा होता; म्हणून बहुतेक ठिकाणीं तीं कांचेच्या भिंतीआड ठेवून विद्यार्थ्यानें खिडकीवर कार्डांचा गठ्ठा द्यावा व दुसऱ्या दिवशीं येऊन उत्तर न्यावें अशी वहिवाट पडली. कचेरीच्या खिडकीवर अर्ज देऊन ‘उद्यां या’ हें उत्तर ऐकण्याची संवय असलेल्या आपल्या लोकांस या वहिवाटीचें वर्णन करून सांगावयास नको. तिला पहिला मोठा छेद दिला तो डार्टमथ कॉलेजांतील गणिताचे दोन प्राध्यापक, जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ, यांनीं. त्यांच्या कॉलेजांतील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. तत्त्वज्ञान, इतिहास, वाङ्मय हे त्यांचे विषय. या दोघांचें म्हणणें असें कीं, ग्रंथालयांत जसा कोणीहि विद्यार्थी परवानगी न मागतां कपाटापाशीं जाऊन पुस्तक काढूं शकतो, तसें यंत्रहि त्याला खुलें असलें पाहिजे.

पण एक यंत्र शेंकडो विद्यार्थ्यांस कसें पुरावें? यासाठीं योजलेली युक्ति आपल्या वाचकांस चटकन् समजेल. वार लावून जेवणारा विद्यार्थी सात घरीं सात दिवस जेवतो, आणि कोणत्याहि एका घरावर त्याचा भार पडत नाहीं. येथें तोच प्रकार उलट्या बाजूनें केला: यंत्र हें एकच घर, आणि त्याच्या प्रत्येक सेकंदाचे बारीक तुकडे पाडून ते पाळीपाळीनें प्रत्येक विद्यार्थ्यास वाढावयाचे. मनुष्याचा हात मंद असल्यामुळें प्रत्येकास वाटतें कीं, यंत्र आपल्याच सेवेस आहे. या योजनेबरोबर ‘बेसिक’ नांवाची सोपी भाषाहि त्यांनीं तयार केली. १ मे १९६४ रोजीं पहांटे ४ वाजतां दोन निरनिराळ्या जागांवरून दिलेले दोन प्रोग्रॅम एकाच वेळीं नीट चालले. विशेष हें कीं, ही सर्व रचना बहुतांशीं पदवीपूर्व वर्गांतील विद्यार्थ्यांनीं लिहिली होती. विशीच्या आंतबाहेरच्या मुलांवर एवढें काम सोंपविणें कित्येक जाणत्यांस त्या वेळीं धाडसाचें वाटलें होतें. तें धाडस फळास आलें. केमेनी पुढें, १९७० सालीं, त्याच कॉलेजाचे अध्यक्ष झाले.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानांत पहिला संगणक आला तो कलकत्त्याच्या संख्याशास्त्रसंस्थेंत, १९५५ सालीं, इंग्लंडांतून. मुंबईस टाटा मूलभूत संशोधनसंस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं स्वतःच एक यंत्र बांधलें. तें १९६० सालीं कामास लागलें आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. ज्यांनीं तें बांधलें त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं त्यापूर्वीं असें यंत्र हाताळलेंहि नव्हतें. म्हणजे मुंबईच्या या यंत्राचे निर्माते हेच त्याचे पहिले विद्यार्थी होते. पण हीं दोन्ही स्थळें संशोधनाचीं. पदवीच्या वर्गांतील साधा विद्यार्थी यंत्रापाशीं प्रथम उभा राहिला तो कानपुरांत.

कानपूरची तंत्रज्ञानसंस्था १९५९ सालीं स्थापन झाली, आणि तिचे पहिले वर्ग १९६० मध्यें शहरांतील हार्कोर्ट बटलर संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतींत भरले. १९६२ पासून दहा वर्षें अमेरिकेंतील नऊ विद्यापीठांचें साहाय्य तिला लाभलें. त्या साहाय्यांतून १९६३ च्या ऑगस्टांत आय. बी. एम. १६२० हें यंत्र तेथें आलें. त्याची मांडणी करण्यास जे अमेरिकी तज्ज्ञ आले त्यांत हॅरी हस्की हे होते. १९४७ सालीं इंग्लंडांत ॲलन ट्यूरिंग यांच्या यंत्राच्या कामावर असलेला हा मनुष्य. म्हणजे या विद्येच्या आद्य पुरुषापासून कानपूरच्या विद्यार्थ्यापर्यंत गुरुपरंपरेची एकच पायरी होती. एच. के. केसवन् यांनीं संगणककेंद्राची धुरा वाहिली. त्याच वर्षीं व्ही. राजारामन् तेथें रुजू झाले. १९६५ सालीं पदव्युत्तर वर्गांत संगणकशास्त्र हा विषय घेण्याची सोय झाली, १९६६ सालीं आय. बी. एम. ७०४४ हें अधिक मोठें यंत्र आलें, आणि अभियांत्रिकीच्या कोणत्याहि शाखेच्या विद्यार्थ्यानें प्रोग्रॅम लिहावयास शिकलेंच पाहिजे असा दंडक पडला.

१६२० हें यंत्र मोठें मजेदार होतें. बेरीज व गुणाकार करण्याची स्वतंत्र यंत्रणा त्याच्या पोटांत नव्हती. बेरजेचे व गुणाकाराचे कोष्टक त्याच्या स्मृतींत अगोदर भरून ठेवावे लागे, आणि सात नव्वे किती असें विचारलें कीं तें कोष्टकांत पाहून त्रेसष्ट असें सांगे. थोडक्यांत, हें पाढे पाठ करून हिशेब करणारें यंत्र होतें. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅममधील चुकीनें हे पाढे पुसले गेले तर यंत्र न कुरकुरतां चुकीचीं उत्तरें देऊं लागे. पंतोजींच्या छडीखालीं पाढे घोकलेल्या घरांतून आलेल्या मुलांस या यंत्राशीं आपलें कांहीं नातें आहे असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

त्या काळांतील विद्यार्थ्याच्या दिवसाचें केंद्र म्हणजे कार्ड. एका कार्डावर ८० स्तंभ. फोर्ट्रान भाषेंतील एक ओळ म्हणजे एक कार्ड. पहिले पांच स्तंभ ओळीच्या क्रमांकासाठीं, सहावा मागील ओळ पुढें चालू आहे हें दाखविण्यासाठीं, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत खरा मजकूर, आणि शेवटचे आठ स्तंभ गठ्ठा विसकटला तर क्रम लावण्यासाठीं. शहाणे विद्यार्थी गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीनें एक तिरपी रेघ ओढून ठेवीत. हातांतून गठ्ठा निसटून कार्डें जमिनीवर पसरलीं तर रेघेवरून तीं पुन्हां लावतां येत. प्रथम भाषांतराच्या प्रोग्रॅमचा गठ्ठा यंत्रास द्यावयाचा, मग आपला गठ्ठा. त्यांतून यंत्राच्या भाषेंतील तिसराच गठ्ठा छिद्रें पडून बाहेर येई, आणि तो पुन्हां यंत्रास दिल्यावर खरें काम सुरू होई. एक स्वल्पविराम चुकला तर सर्व प्रदक्षिणा नव्यानें घालावी लागे. म्हणून विद्यार्थी कार्डावर छिद्र पाडण्यापूर्वीं वसतिगृहांतील आपल्या खोलींत बसून, कागदावर स्वतःच यंत्र होऊन, एकेक ओळ हातानें चालवून पाही.

पुस्तकांचीहि वाण होती. परदेशी पुस्तकांची किंमत विद्यार्थ्याच्या आटोक्याबाहेरची. म्हणून राजारामन् यांनीं वर्गासाठीं लिहिलेल्या टिपणांचें १९६९ सालीं पुस्तक झालें, आणि तें सामान्य विद्यार्थ्यास परवडेल अशा किंमतींत निघालें. कानपुरास न गेलेल्या आमच्या पिढींतील असंख्य विद्यार्थ्यांनीं पुढें याच ग्रंथकाराच्या पुस्तकांवरून फोर्ट्रानचे धडे गिरविले आहेत.

येथवर वर्णन केलेल्या दिवसांची आठवण निघाली कीं आमच्या व्यवसायांतील वृद्ध मंडळी म्हणतात, ‘तो काळच चांगला. ताटकळावें लागे, म्हणून विचार करावा लागे.’ हें मत आम्हांस पुरतें पटत नाहीं. ताटकळणें हाच गुरु असता, तर सरकारी कचेऱ्यांच्या ओट्यावर बसलेला आपला सर्व समाज केव्हांच पंडित झाला असता. डार्टमथच्या मुलांस ताटकळावें लागत नव्हतें, तरीहि त्यांनीं अद्भुत काम केलें. तेव्हां या तीन स्थळांत समान असें जें आहे तें दुसरेंच आहे. केंब्रिजनें रात्रीं विद्यार्थ्यास यंत्रापाशीं एकटें राहूं दिलें. डार्टमथनें यंत्राची सारी व्यवस्थाच मुलांकडून लिहवून घेतली. कानपूरनें, परकी चलनाचा दाणा दाणा मोजणाऱ्या देशांत, महागडें यंत्र कोंवळ्या हातांत दिलें. तिन्ही ठिकाणीं विद्यार्थ्यावर विश्वास टाकला गेला, आणि त्या विश्वासाबरोबर जबाबदारीहि त्याच्यावर आली. यंत्र बिघडलें तर तें माझ्या हातून बिघडेल, हें ज्याला ठाऊक आहे तो आपली ओळ दोनदां वाचतो.

आजच्या विद्यार्थ्याची स्थिति याच्या अगदीं उलट आहे. किल्ली त्याच्या खिशांत आहे. एडसॅकच्या लक्षावधिपट वेगाचें यंत्र तो गाडींत उभा राहून वापरतो. परंतु एडसॅकच्या विद्यार्थ्यास यंत्राच्या स्मृतींतील अंक एका लहानशा पडद्यावर ठिपक्यांच्या रूपानें प्रत्यक्ष पाहतां येत. आजच्या यंत्राचें अंतरंग थरांवर थर चढून झांकलें गेलें आहे. शिवाय २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढें आल्यापासून प्रोग्रॅम लिहिण्याचें कामहि यंत्रच करूं लागलें आहे. आपल्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यानें प्रत्येक प्रयोगाचा प्रोग्रॅम जर्नलांत हातानें लिहून सह्या घेण्याची चाल आहे. मुळांत तिचा हेतु कानपूरच्या त्या वसतिगृहांतल्यासारखाच, म्हणजे कागदावर विचार व्हावा, हा असणार. पण गतवर्षींचें जर्नल समोर ठेवून हीं पानें उतरविलीं जातात, हें विद्यार्थी जाणतात, पालक जाणतात, आणि सही करणारे आम्हीहि जाणतों. हात झिजतो, विचार जागचा हालत नाहीं. आतां यंत्रानें लिहून दिलेला प्रोग्रॅम विद्यार्थी सादर करतो तेव्हां त्यांत चूक असली तरी ती त्याची नसते, आणि जी चूक आपली नाहीं ती मनुष्यास कांहींच शिकवीत नाहीं.

यावर उपाय म्हणून यंत्रें काढून घ्यावीं असें सांगणारांत आम्ही नाहीं. आमची सूचना लहान आहे. वर्षांतून निदान कांहीं वेळां तरी विद्यार्थ्यास वीस ओळींचा प्रोग्रॅम द्यावा, तो कोणीं लिहिला याची चौकशी करूं नये. परंतु यंत्र चालविण्यापूर्वीं यांतून काय उत्तर येईल तें त्यानें कागदावर ओळीओळीनें काढून, खालीं आपलें नांव घालून द्यावें. मग सर्वांसमक्ष यंत्र चालवावें. दोन्ही उत्तरें जुळलीं नाहींत तर कां जुळलीं नाहींत, यावर तो तास खर्ची घालावा. यास नवें यंत्र लागत नाहीं, अनुदान लागत नाहीं; फक्त शिक्षकास त्या तासापुरतें विद्यार्थ्याच्या शेजारीं बसावें लागतें.

शेवटीं एक विनंति आहे. ११ जुलै १९५८ रोजीं एडसॅक बंद करण्यांत आलें आणि नव्या यंत्रास जागा हवी म्हणून मोडून टाकण्यांत आलें. पुढें २०११ सालानंतर इंग्लंडांत त्याची प्रतिकृति बांधावयास घेतली, तेव्हां मूळ आराखडे कोणापाशींच नव्हते. काम बरेंच पुढें गेल्यावर २०१४ सालीं एक निवृत्त अभियंता १९ आराखडे घेऊन आला. १९५९ सालीं प्रयोगशाळेंत नोकरीस लागला असतां बोळांत टाकून देण्यासाठीं ठेवलेल्या ढिगाऱ्यांतून त्यानें ती गुंडाळी सहज उचलून घरीं नेली होती. एअरी समीकरणाच्या फितीची गोष्ट वर आलीच आहे. इतिहासाची साधनें अशीं केवळ नशिबानें वांचतात.

राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचीं दप्तरें जमविलीं, तीं वाण्याच्या पुड्यांस जाण्याच्या बेतांत होतीं. ज्या विद्यार्थ्यांनीं १९६० नंतर कार्डांचे गठ्ठे वाहिले, ते आज ऐंशीच्या घरांत आहेत. मुंबईच्या, कानपूरच्या अथवा दुसऱ्या कोठल्या यंत्रापाशीं काम केलेले असे काका, मामा, आजोबा आमच्या वाचकांच्या कुटुंबांतहि असतील. त्यांच्या ट्रंकेंत एखादा रबरानें बांधलेला कार्डांचा गठ्ठा असेल, चुकांवर तांबड्या खुणा केलेला छापील कागदांचा भेंडोळा असेल, वर्गांतील टिपणांची वही असेल. घर आवरतांना तें रद्दींत घालूं नये. त्यांच्याजवळ बसून, दिवस कसा जाई, यंत्रापाशीं किती वेळ मिळे, पहिली चूक कोणती झाली, हें विचारून लिहून घ्यावें, त्यावर तारीख घालावी आणि जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सोंपवावें. दिवाळीच्या सुटींत मुलें घरीं येतील, त्यांनाच हें काम सांगावें.